नागपुरी समुद्र

नागपूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध येतो तो दोनच ठिकाणी. एक म्हणजे ‘आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य, आणि दुसरे म्हणजे फुटाळा तलाव, ज्याच्या काठाला आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने चौपाटी म्हणतो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मी एप्रिलअखेरीस समुद्राच्या वाऱ्याचा सुगंध असलेला, ‘रोजच्या वापरासाठी’ असे खोक्यावर छापलेला परफ्यूम विकत घेतला. धरमपेठेतल्या त्या दुकानात एसी चालू होता, हे माझ्या बचावासाठी नोंदवून ठेवतो. तेथील मुलाने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती माझ्या नाकाशी धरली तेव्हा बाहेर ४४ अंश तापमान असल्याचे मी पार विसरलो होतो, आणि त्या विस्मरणातच किमतीची चिठ्ठी वाचायचीही राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फवारा मारून बाहेरच्या खोलीत आलो, तर बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, “उपाशीपोटी टरबूज कापलंत का हो?” मी तिला शांतपणे सांगितले की हा समुद्र आहे. तिने बाहेर येऊन एकदा वास घेतला आणि “मग समुद्रात कुणी टरबूज टाकलं असेल,” असे म्हणून ती पोळ्यांकडे वळली. कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ अर्धा तास अस्वस्थ होते. अखेरीस त्यांनी माझ्या खणाकडे बोट दाखवून, “एकटेच खाता का जी? एखादी फोड इकडेही येऊ द्या,” असे म्हटले, तेव्हा मला खण उघडून त्यात फक्त फायली असल्याचे सिद्ध करावे लागले.

रविवारी मालवणकडच्या मावशी आल्या, तेव्हा न्याय मिळेल असे मला वाटले, कारण आमच्या ओळखीत समुद्राविषयी अधिकाराने बोलू शकणाऱ्या त्याच एक. त्यांनी माझे मनगट नाकाशी नेले, डोळे मिटले आणि निकाल दिला, “समुद्राला असला वास नसतो रे. कुठे बोंबील सुकतायत, कुठे शेवाळ कुजतंय, तो समुद्र. हे काहीतरी पाहुण्यांना कापून द्यायचं फळ आहे.”

अपमानित माणूस वाचन करतो, त्याप्रमाणे मीही केले. त्यातून कळले ते असे, की बाटलीतल्या बहुतेक समुद्रांच्या मागे कॅलोन नावाचे एक रसायन असते. ते १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना सापडले, आणि त्याच्या वासाचे वर्णन करताना जाणकार समुद्री वाऱ्याइतक्याच मोकळेपणाने कलिंगडाचेही, म्हणजे आमच्या नागपुरी टरबुजाचेही, नाव घेतात. १९९० च्या दशकात त्याची अशी लाट आली, की जगभरातली माणसे एकमेकांना कलिंगडाचा वास देत समुद्राच्या गोष्टी करू लागली. खऱ्या समुद्राच्या वासात मात्र डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा मोठा वाटा असतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींनी तयार केलेल्या एका द्रव्याचे जिवाणूंनी विघटन केले, की तो बाहेर पडतो. शिजत असलेल्या कोबीच्या वासातही तोच असतो. म्हणजे आमच्या घरात समुद्राच्या अधिक जवळ कोणी असेलच, तर ती बुधवारी कोबीची भाजी करणारी माझी बायको होती. पण हे तिला सांगण्याइतका मी अजून धीट झालेलो नाही.

उरलासुरला समुद्र मे महिन्याने संपवला. उकाड्यात सुगंधी द्रव्ये भराभर उडतात, त्यामुळे घरून निघताना जी लाट असे, ती व्हेरायटी चौकातल्या सिग्नलपर्यंत ओसरे आणि पुढे केवळ घामाचे मिठागर उरे. घरी परतावे तर कूलरला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या ताट्या पहिल्याच झुळकीत माझ्या ९० मिलिलिटरला नामशेष करीत. तो वाळा कितीला आला होता, हे बायकोने मला दोनदा सांगितले.

परवा गोकुळपेठेच्या बाजारात मी नेहमीच्या टरबूजवाल्यासमोर उभा राहिलो. त्याने हातातले फळ वाजवता वाजवता थांबून हवेत नाक वर केले आणि दुखावलेल्या स्वरात विचारले, “भाऊ, आज दुसरीकडून घेतलं वाट्टे टरबूज? गोड तरी निघालं का?”

“नाही,” मी म्हणालो, “खारं निघालं.”