पॅरिसला शंभर वर्षं महापौरच नव्हता

पॅरिसच्या महापौरांवरचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आतापर्यंत तीनदा आला. सारांश असा: पॅरिसला १७८९ च्या क्रांतीपासून लोकांनी थेट निवडलेला महापौर आहे. ओस्मान नावाच्या महापौराने तिथले रुंद रस्ते आखले. पोलिसांपासून मेट्रोपर्यंत सगळं महापौराच्या हुकमतीत चालतं, म्हणून तर सीन नदी स्वच्छ झाली. शहर आयुक्ताच्या हाती देण्याची पद्धत मात्र इंग्रजांनी फक्त आपल्या गळ्यात मारली, जगात ती दुसरीकडे कुठेही नाही.

मजकुरामागची तळमळ मला कळते. मुंबईत १८८८ च्या कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्ताला दिलेत, आयुक्ताला राज्य सरकार नेमतं आणि महापौर सभा चालवतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली ती निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. याची चीड यायलाच हवी. पण त्यासाठी पॅरिसचा जो इतिहास सांगितला जातोय तो चुकीचा आहे, आणि खरा इतिहास आपल्या जास्त उपयोगाचा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“१७८९ पासून महापौर आहे.”

सुरुवात १७८९ ला झाली, एवढं बरोबर. त्याआधी शहराचा कारभार व्यापाऱ्यांच्या प्रमुखाकडे असे. या पदावरचा शेवटचा माणूस, फ्लेसेल, १४ जुलैला बास्तीयचा तुरुंग लोकांनी पाडाव केला त्याच दिवशी नगरभवनाबाहेर गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशी लोकांनी ज्याँ-सिल्व्हँ बायी यांना महापौर केलं.

या बायींबद्दल मराठी वाचकाला दोन शब्द सांगायलाच हवेत. ते खगोलशास्त्रज्ञ होते. गुरूच्या चंद्रांवर त्यांचं काम होतं आणि १७८७ साली त्यांनी भारतीय ज्योतिर्गणितावर एक ग्रंथ लिहिला होता. ल जांतीय हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पाँडिचेरीला राहून तिथल्या ज्योतिषांकडून गणिताच्या रीती शिकून गेला होता. ती सामग्री आणि मिशनऱ्यांनी पाठवलेली कोष्टकं बायींनी अभ्यासली. इसवी सनापूर्वी ३१०२, म्हणजे कलियुगाच्या आरंभाचा जो काळ आपण मानतो, त्या वेळी भारतात प्रत्यक्ष वेध घेतले गेले असावेत, असा त्यांचा दावा होता. पुढच्या अभ्यासकांनी तो मान्य केला नाही. पण पॅरिसचा पहिला महापौर आपल्या पंचांगाचं गणित सोडवत बसला होता, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दोन वर्षांनी, १७ जुलै १७९१ ला, शाँ द मार्स मैदानावर राजाविरुद्ध अर्जावर सह्या करायला लोक जमले. बायींनी लष्करी कायदा पुकारून लाल निशाण उभारलं, नॅशनल गार्ड या नागरिकांच्या सशस्त्र दलाने गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. पॅरिसने ते विसरलं नाही. नोव्हेंबर १७९३ मध्ये बायींना गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, चढवायला त्याच मैदानावर आणलं. ही जागा त्यांच्या रक्ताने विटाळायची नाही, असं म्हणत जमावाने यंत्र उतरवून नदीकाठी हलवायला लावलं. साठीच्या घरातला तो माणूस थंड पावसात ताटकळत उभा राहिला. “बायी, थरथरतोयस?” असं कुणीतरी विचारलं. “हो, पण थंडीने,” असं ते म्हणाले, अशी आठवण सांगतात.

त्यांच्यानंतरचे पेत्यों पळून गेले आणि त्यांनी जीव दिला. पुढचे महापौर फ्लरिओ-लेस्को क्रांतीचे जहाल नेते रोबेस्पिएर यांच्याबरोबरच गिलोटिनवर गेले. १७९४ मध्ये सत्तापालट झाला, तसं महापौरपदच मोडीत निघालं आणि शहराचे बारा तुकडे करण्यात आले.

तिथून महापौरपद परत आलं त्या १९७७ पर्यंत १८३ वर्षं होतात. एवढ्या काळात पॅरिसला महापौर होता तो सगळे महिने मिळून जेमतेम वर्षभर. १८४८ च्या क्रांतीत काही महिने, आणि सप्टेंबर १८७० ते मार्च १८७१ या प्रशियाच्या वेढ्याच्या आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांच्या काळात. वेढ्यातले शेवटचे महापौर झ्यूल फेरी. १८ मार्च १८७१ ला कम्यूनचा, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी स्वतःचं सरकार उभारण्याचा, उठाव झाला आणि त्यांना नगरभवन सोडून निघावं लागलं. मे महिन्यात, कम्यून रक्तात बुडत असताना, ते नगरभवन जळालं. आत शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या होत्या. १८६० च्या आधीचा पणजोबा शोधणाऱ्या पॅरिसकराला आजही बऱ्याचदा त्या आगीपाशी येऊन थांबावं लागतं.

यानंतर सरकारने ठरवलं की या शहराला महापौर द्यायचा नाही. १८८४ च्या कायद्याने फ्रान्समधल्या हजारो गावांना आणि शहरांना आपल्या सभेतून महापौर निवडण्याचा हक्क मिळाला. चारशे वस्तीच्या खेड्याला मिळाला, पॅरिसला नाही. तिथे नगरसेवक निवडून येत, त्यांच्या सभेला अध्यक्ष असे, तो पाहुण्यांचं स्वागत करी. कारभार सरकारने नेमलेल्या प्रीफेक्टकडे. आयफेल टॉवर उभा राहिला, १९०० मध्ये मेट्रो सुरू झाली, २५ ऑगस्ट १९४४ ला नाझींपासून सुटका झाल्यावर स्वतंत्र फ्रान्सचे नेते जनरल द गॉल नगरभवनात येऊन बोलले, आणि या सगळ्या काळात त्या नगरभवनात महापौर नव्हता.

“महापौर ओस्मानने रुंद रस्ते आखले.”

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चित्र अगदी उलटं आहे. ओस्मान महापौर नव्हते. ते प्रीफेक्ट होते, फ्रान्सचे बादशहा तिसरे नेपोलियन यांनी १८५३ मध्ये बोर्दोहून आणून बसवलेले सरकारी अधिकारी. आपल्या भाषेत सांगायचं तर आयुक्तच. त्यांच्यासमोरच्या नगरसभेचे सदस्यही बादशहाने नेमलेले, म्हणजे ‘नाही’ म्हणणारं कुणी नाही. मजकूर ज्या रस्त्यांची आरती करतो, ते महापौर नसल्यामुळे इतक्या झपाट्याने झाले. जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या, गरीब माणूस शहराच्या कडेला ढकलला गेला. गटारं आणि पाणीपुरवठा उत्तम झाला, हेही खरंच. कर्ज इतकं झालं की झ्यूल फेरींनी, तेच पुढचे महापौर, त्या हिशेबांवर लेखमाला लिहून ओस्मान यांना धारेवर धरलं. जानेवारी १८७० मध्ये ओस्मान यांना पदावरून काढलं.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त होते, ज्यांच्या नावाचं मार्केट आपण आता महात्मा फुले मंडई म्हणतो. त्यांनीही शहर झपाट्याने बदललं, त्यांनीही तिजोरी रिकामी केली. करदात्यांनी आंदोलन केलं, १८७१ मध्ये क्रॉफर्ड गेले, आणि १८७२ च्या कायद्याने मुंबईला अंशतः निवडून आलेली सभा मिळाली. पॅरिसचा महापौर गेला आणि मुंबईत निवडणुकीचा कायदा आला, ही दोन्ही दीड-दोन वर्षांच्या आतली गोष्ट. तेव्हा ‘अशी पद्धत जगात कुठेच नाही’ हा दावा इथेच पडतो. वरून नेमलेला अधिकारी राजधानी चालवतो, ही रीत फ्रान्समध्ये पहिल्या नेपोलियनने १८०० मध्येच घालून दिली होती आणि ती पावणेदोनशे वर्षं टिकली.

“लोक थेट निवडतात.”

नाही. मतदार नगरसेवक निवडतात, महापौर निवडतात ते नगरसेवक. थेट निवड झाली होती ती क्रांतीच्या काळात. १७९१ मध्ये पेत्यों यांनी लाफायेतसारख्या नामवंताला मतदानात हरवलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या निवडणुकीचा कायदा बदलला, प्रभागासाठी आणि शहराच्या सभेसाठी वेगवेगळं मत द्यायची सोय झाली. तरी महापौर निवडणं सभेकडेच राहिलं.

आणि १९७७ चा महापौर तरी आला कसा? ३१ डिसेंबर १९७५ च्या कायद्याने. राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी तो आणला आणि आपले मंत्री मिशेल दोर्नानो यांना उमेदवार केलं. मध्येच झाक शिराक उतरले. काही महिन्यांपूर्वीच जिस्कार यांच्याशी भांडून ते पंतप्रधानपदावरून बाहेर पडले होते. ते जिंकले, अठरा वर्षं नगरभवनात राहिले आणि तिथूनच १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. सरकारला शंभर वर्षं जी भीती होती, की पॅरिसचा महापौर म्हणजे दुसरं सत्ताकेंद्र, ती निराधार नव्हती हे त्यांनी दाखवून दिलं. महापौर असतानाच्या बोगस नोकऱ्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषीही ठरवलं. अधिकार मिळाला की तो हिशेबालाही उभा राहतो, आणि मला यात महापौरपद नको म्हणण्याचं कारण दिसत नाही.

“पोलीस, मेट्रो, सगळं महापौराकडे.”

पोलिसांचा प्रीफेक्ट नेपोलियनच्या काळापासून आजवर सरकारच नेमतं. शहराचं स्वतःचं पोलीस दल २०२१ मध्ये उभं राहिलं, तेही बंदुकीशिवाय आणि मर्यादित कामांसाठी. मेट्रोचं धोरण प्रादेशिक यंत्रणेच्या हाती आहे. पाणी मात्र शहराकडे आहे, २०१० पासून पूर्णपणे. रस्त्यांवरही महापौराचा शब्द चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आली ती सरकारच्या विरोधाला न जुमानता. म्हणजे मुंबईच्या महापौरापेक्षा पॅरिसच्या महापौराला कितीतरी जास्त अधिकार आहेत, यात मजकूर चुकलेला नाही. सहा वर्षांची मुदत आणि हातात खरा कारभार. आपण मागायला हवं ते हेच, आणि ते नेमकेपणाने मागायला हवं.

“महापौरांनी सीन स्वच्छ केली.”

शिराक यांनी १९९० मध्ये सांगितलं होतं की तीन वर्षांत मी सीनमध्ये पोहून दाखवीन. ते कधीच पोहले नाहीत. १९२३ पासून नदीत पोहायला बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने १४० कोटी युरोंच्या घरात खर्च झाला, तो देशाचं सरकार, प्रदेश आणि शहर यांनी मिळून केला. ऑस्टर्लित्झ स्टेशनजवळ जमिनीखाली एक प्रचंड टाकी बांधली. मुसळधार पावसात गटारं तुडुंब भरतात तेव्हाचं घाण पाणी नदीत न जाता तिच्यात साठतं. वरच्या अंगाच्या गावांतली सांडपाणी चुकीच्या वाहिनीला जोडलेली घरं शोधून जोडण्या दुरुस्त केल्या. ही कामं एका नगरभवनाच्या आवाक्यातली नव्हती.

१७ जुलै २०२४ ला महापौर ॲन इदाल्गो नदीत उतरल्या. त्यांचा पोहतानाचा फोटो या मजकुराला जोडलेला आहे, पण कडेने कापलेला. त्या दिवशी पाण्यात त्यांच्यासोबत ऑलिंपिकच्या आयोजन समितीचे प्रमुख होते, आणि आणखी एक गृहस्थ होते. ते म्हणजे सरकारने नेमलेले प्रदेशाचे प्रीफेक्ट.