खबीबला हरवायचे ‘पाच सोपे उपाय’ आधीच वापरून झालेत

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ, त्यातल्या यूएफसी या मोठ्या स्पर्धेचा लाइटवेट (सुमारे सत्तर किलो वजनगट) चॅम्पियन खबीब नुरमागोमेदोव २०२० मध्ये रिटायर झाला तरी त्याच्याबद्दलची एक यादी अजून फिरतेच आहे. तिचा सूर असा की खबीब म्हणजे एकसुरी फायटर, नुसता कुस्तीवाला, त्याला हरवणं सोपं होतं पण समोरच्यांनी डोकंच वापरलं नाही. मग पाच उपाय. टेकडाउन (धरून जमिनीवर पाडणं) अडवा, तो खाली वाकला की अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) नाहीतर गुडघा हाणा, लो किक मारून पाय निकामी करा, मान हाताला लागली की गिलोटिन (समोरून मानेला हाताचा फास) लावा, आणि लांबच्या राउंडपर्यंत खेचून त्याला दमवा. वर शेपूट म्हणून, त्याच्याच वजनगटातल्या टोनी फर्ग्युसनने हे सगळं केलंच असतं. वाचायला भारी वाटतं, अडचण एवढीच की यातला जवळपास प्रत्येक उपाय कोणीतरी खरंच करून बघितलाय आणि रेकॉर्ड तरी २९-० च राहिलं, २९ विजय आणि हार एकही नाही.

पहिल्यापासून घेऊ. टेकडाउन अडवा. बरं, अडवला, पुढे? ग्लेसन टिबाउने २०१२ मध्ये यूएफसी १४८ ला नेमकं हेच केलं, तीन राउंडमध्ये खबीबला एकही टेकडाउन मिळू दिला नाही. लाइटवेटच्या मानाने अंगाने प्रचंड माणूस, हलता हलत नव्हता. निकाल मात्र एकमताने खबीबकडे गेला. (त्या निकालावर लोक आजही भांडतात आणि भांडण रास्त आहे असं माझं मत आहे.) पण मुद्दा असा की अडवणं ही अर्धीच गोष्ट झाली. अडवताना तुमची पाठ रिंगणाभोवतीच्या जाळीला असते, दोन्ही हात त्याची पकड सोडवण्यात गुंतलेले असतात, घड्याळ पळतंय आणि तुमच्या नावावर काहीच जमा होत नाहीये.

आणि यादीवाल्याची खरी गफलत पुढे आहे. त्याला वाटतंय टेकडाउन म्हणजे एक धडक, ती चुकवली की सुटलो. खबीब एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) काढायला घुसायचा तो बऱ्याचदा तुम्हाला तिथेच पाडायला नाहीच, जाळीपर्यंत ढकलत न्यायला. तिथे पाय सुटला तर कमरेला मिठी, मिठीतून आतून पाय अडकवून पाडणार, तुम्ही उठलात तर मागून उचलून परत खाली. २०१३ मध्ये एबल ट्रुहियोविरुद्ध त्याने तीन राउंडमध्ये २१ टेकडाउन काढले, तो तेव्हा रेकॉर्ड होता, आणि लोक हा आकडा खबीबच्या कौतुकात सांगतात पण त्याची दुसरी बाजू बघा ना, एवढ्या वेळा खाली पडायचं तर मधे जवळपास तेवढ्याच वेळा उठावंही लागतं! म्हणजे ट्रुहियोला उठता येत होतं. उठून फायदा शून्य, कारण प्रत्येक उठण्यात दम जात होता आणि उठल्यावर माणूस पुन्हा त्याच मिठीत.

खाली गेल्यावर काय व्हायचं ते तर एकदा स्लो करून बघाच. तुम्ही जाळीला पाठ लावून बसलेले. तो स्वतःच्या पायांनी तुमचे दोन्ही पाय एकत्र बांधल्यासारखे अडकवतो, त्यामुळे गुडघा खाली घेऊन उठता येत नाही. मग तुम्ही एक हात मॅटवर टेकवता, उठायला तो लागतोच. तोच हात तो तुमच्या पाठीमागून मनगटाला धरून ओढून घेतो. आता तुमच्याकडे उरला एक हात, त्याच्याकडे एक हात मोकळा, आणि तो मोकळा हात तुमच्या तोंडावर पडतोय. चेहरा झाकलात तर उठणं गेलं, उठायला गेलात तर चेहरा उघडा. ‘टेकडाउन अडवा’ या दोन शब्दांत यावर काय उत्तर आहे सांगा.

दुसरा उपाय, अपरकट आणि गुडघा. मायकल जॉन्सनने २०१६ मध्ये पहिल्या राउंडमध्ये खबीबला चांगलंच टिपलं होतं, उभ्याने खबीब भोकं नसलेला फायटर नव्हताच, इथपर्यंत यादी बरोबर आहे. पण त्याच फाइटमध्ये पुढे खबीबने त्याला जमिनीवर बेदम मारलं आणि तिसऱ्या राउंडमध्ये किमुरा (हात पिरगळून खांद्याला लावलेला पेच) लावून संपवलं. अपरकट मारायला हात खाली येतो आणि पाय रोवावे लागतात, गुडघा मारायला तर एका पायावर उभं राहावं लागतं, तेही पट काढणाऱ्या माणसासमोर. शिवाय तो दर वेळी खरंच वाकतो असंही नाही. यूएफसी २२९ चा दुसरा राउंड आठवा, कॉनर मॅकग्रेगरचं लक्ष टेकडाउनवर आणि वरून ओव्हरहँड राइट (वरून फिरवून मारलेला उजवा ठोसा) आला, मॅकग्रेगर खाली. जगातल्या भारी स्ट्रायकर्सपैकी (उभ्याने ठोसे-लाथा मारणाऱ्यांपैकी) एकाला ‘नुसत्या कुस्तीवाल्याने’ पंचने पाडला.

लो किकचा मुद्दा पाचांतला सगळ्यात दमदार आहे हे मी मान्य करतो. जस्टिन गेजीने ऑक्टोबर २०२० मध्ये खबीबच्या पोटरीवर ज्या किक्स लावल्या त्या खऱ्या होत्या, लागत होत्या. आणि गेजी स्वतः अमेरिकन कॉलेज कुस्तीतला ऑल-अमेरिकन (देशातल्या अव्वल कुस्तीगिरांत गणलेला), म्हणजे कागदावर याच्याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. तरी दुसऱ्या राउंडमध्ये टेकडाउन, माउंट (छातीवर स्वार), ट्रायंगल (पायांनी गळ्याला फास), फाइट खलास. किकला जागा लागते हो. तुम्ही मागे मागे सरकताय आणि समोरचा सरळ चालत येतोय तर एक किक बसेल, दोन बसतील, तिसरीला पाठ जाळीला टेकलेली असेल. एडसन बार्बोझासारख्या किक्स डिव्हिजनमध्ये क्वचितच कोणाच्या होत्या, २०१७ मध्ये त्याचं हेच झालं, पूर्ण तीन राउंड.

गिलोटिन लवकर आटपू. डस्टिन पोरियेने २०१९ मध्ये अबूधाबीत लावला, घट्ट लावला, बघणाऱ्यांचा श्वास अडकला. खबीबने डोकं सोडवलं आणि त्याच राउंडमध्ये पाठ घेऊन गळा धरून संपवलं. गिलोटिनसाठी खाली पडणं हा जुगार आहे, लागला तर ठीक, नाही लागला तर तुम्ही स्वतःच्या मर्जीने नेमके तिथे गेलात जिथे तो तुम्हाला न्यायला बघत होता.

आता दमवायची गोष्ट. मॅकग्रेगरने तिसरा राउंड जिंकला, खबीबचा वेग उतरलेला दिसत होता, यादीवाले हाच राउंड धरून बसतात. चौथा राउंड सांगत नाहीत, ज्यात मॅकग्रेगरने टॅप करून हार मानली. खालच्या माणसावर वरच्याचं वजन असतं, सत्तर किलोचं ओझं छातीवर घेऊन उठायचा प्रयत्न करत राहायचं, त्यात आधी कोण दमणार? आणि पाच राउंडचा पुरावा हवा असेल तर अल आयाक्विंटा आहे. २०१८, जेमतेम एका दिवसाच्या नोटीसवर आलेला, जिगरबाज, मधल्या राउंड्समध्ये बराच वेळ उभा राहिला. खबीबने काय केलं, तर उभ्यानेच जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मारत बसला आणि सगळेच्या सगळे राउंड घेऊन गेला.

फर्ग्युसनचं म्हणाल तर पाच वेळा फाइट ठरली, पाचही वेळा रद्द झाली, त्यामुळे ‘केलंच असतं’ म्हणायला कोणाचं काय जातंय. कल्पना अशी की तो खालून कोपरं मारून फाडून काढेल. पुढे २०२० मध्ये ऑलिव्हेरा आणि २०२१ मध्ये दारियुश, दोघांनी त्याला खाली दाबून ठेवलं आणि त्या कोपरांनी निकाल काही बदलला नाही. तोवर तो गेजीकडून भयंकर मार खाऊन आला होता हे खरं, म्हणून मी यावरून शंभर टक्के काही म्हणत नाही, पण खात्रीने म्हणणाऱ्यांनीही जरा हात आखडता घ्यावा.

आणि ‘डोकं वापरलं नाही’ हे तर अगदीच काहीतरी. गेजीच्या कॉर्नरला ट्रेव्हर विटमनसारखा कोच होता, मॅकग्रेगरच्या जॉन कॅव्हानो. या लोकांनी काय महिनोन्महिने टेप न बघता प्लॅन केला?

मग काय करायला हवं होतं? मला विचाराल तर सुरुवात पायांपासून. जाळीपासून लांब राहायचं, आणि सरळ मागे न जाता बाजूने निघायचं, कारण त्याचा निम्मा खेळ जाळीवर उभा आहे. मिठी पडलीच तर आधी एक अंडरहुक (त्याच्या काखेखालून घातलेला हात) आणि कंबर लांब. खाली गेलात तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच उठायचं, त्याने पाय अडकवायच्या आत, आणि गुडघे एकत्र येऊ द्यायचे नाहीत, मॅटवर हात टेकवायचा तर कोपर अंगाला चिकटवून म्हणजे मनगट मागे जाणार नाही. हे सगळं जमलं तरी टिबाउचं उदाहरण आहेच, नुसतं अडवून जजेसच्या गुणांवर हराल, म्हणून पकड सुटते त्या क्षणी एक कोपर नाहीतर बरगड्यांवर एक पंच बसलाच पाहिजे, दर वेळी, सुटून हायसं वाटायच्या आत. कॅम्पमध्ये याची तयारी करायची तर तसा जाळीवर चिकटून राहणारा पार्टनर रोज पाहिजे, तोही ताजा, दर राउंडला नवीन. आणि हे पंचवीस मिनिटं पाळू शकेल असा लाइटवेट तेव्हा तरी मला कोणी दिसला नव्हता.