‘मूळ’ एकच नसते: कंद, नसा आणि मूळपेशींविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही दिवस सोलापुरातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: निसर्गात मूळ एकच, जे मातीखाली किंवा कातडीखाली दडून वरच्या भागाला पोसते ते मूळ. म्हणून बटाटा, कांदा, हळद, भुईमूग ही मुळे आहेत, केसांची, दातांची आणि नसांची मुळेही त्याच जातीची आहेत, आणि मूळपेशी, म्हणजे विभागून इतर प्रकारच्या पेशी घडवणाऱ्या पेशी, मुळांतच असल्यामुळे कंदमुळे खाल्ल्याने झिजलेले गुडघे भरून येतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. या संदेशावर विसंबून गुडघ्याचे औषध थांबवायला निघालेले एक गृहस्थ मला भेटले, म्हणून हे उत्तर लिहिणे आवश्यक वाटले.

‘जमिनीखाली असते ते मूळ’ हे पहिले विधानच चुकीचे आहे, कारण वनस्पतीचा अवयव कोणता हे जागेवरून नव्हे, तर रचनेवरून ठरते. खोडाला पेरे असतात आणि पेरांशी पाने व डोळे असतात. मुळाला पेरे नसतात, त्याच्या टोकावर मूलटोपी असते आणि त्याची उपमुळे आतल्या थरातून साल भेदून बाहेर पडतात. बटाट्याला डोळे असतात, आले आणि हळदीला पेरे असतात. म्हणजे ही तिन्ही खोडे आहेत. आपल्या बाजार समितीत हंगामात ज्याच्या गाड्यांची रांग लागते तो कांदा उभा चिरून पाहावा: बुडाची कठीण चकती एवढेच त्याचे खोड, त्याखालचे वाळके धागे ही खरी मुळे, आणि आपण खातो त्या पाकळ्या म्हणजे पानांचे मांसल तळ. भुईमुगाची गोष्ट तर याहून वेगळी आहे. त्याचे फूल जमिनीवर फुलते, फलन झाल्यावर त्यातून निघणारी देठासारखी आरी खाली वाढून मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग भरते. तेव्हा सोलापूरची शेंगाचटणी ज्यापासून होते ते दाणे म्हणजे मातीत वाढलेल्या फळातील बिया आहेत. रताळे, गाजर आणि मुळा यांना मात्र मूळ म्हणणे योग्य आहे.

उलट, मातीबाहेर असूनही मूळच असलेले अवयव आपल्या रोजच्या पाहण्यात आहेत. वडाची पारंबी हे मूळ आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या ताटाकडे वाकून पाहिले, तर बुडाजवळच्या पेरांतून निघून तिरपी मातीत शिरणारी आधारमुळे दिसतात. ती खोडावर उगवली तरी त्यांची रचना मुळाचीच असते.

‘मूळ वरच्याला पोसते’ हे दुसरे विधान प्राण्यांना लावताच कोलमडते. दाताचे मूळ हा दाताचाच भाग असून ते बारीक तंतूंनी जबड्याच्या हाडात बांधलेले असते. ते अन्न शोषून घेत नाही, उलट त्यालाच रक्तातून पोषण मिळते. केसाच्या मुळाशी पेशी विभागून केस तयार होतो, आणि त्या पेशीही रक्तावरच जगतात. मणक्यात नस दबल्याचे निदान होते तेव्हा बहुधा मज्जातंतूचे मूळ दबलेले असते. मेरुरज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात आणि प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळे असतात: मागचे संवेदना आत नेते, पुढचे स्नायूंकडे आज्ञा नेते. येथे वाहतात ते संदेश, अन्न नव्हे.

तिसरे विधान सर्वांत घातक आहे आणि ते केवळ एका शब्दावर उभे आहे. ‘मूळपेशी’ हा शब्द मराठीने घडवला. इंग्रजीत तिला स्टेम सेल, म्हणजे शब्दशः ‘खोडपेशी’ म्हणतात. त्यामागे जर्मन शब्द आहे. जर्मनमध्ये वंशवृक्षाच्या नावातच ‘खोड’ येते, आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी 1868 मध्ये ‘खोडपेशी’ हा शब्द वापरला तो सर्व बहुपेशीय जीवांच्या एकपेशीय पूर्वजासाठी. उत्क्रांतीच्या वंशवृक्षालाही मूळ असते, पण ते मूळ म्हणजे त्या वृक्षातील सर्व जीवांचा समान पूर्वज. तो काळात मागे असतो, मातीत खाली नव्हे. मराठीत ‘मूळ’ म्हणजे झाडाचा अवयव आणि ‘मूळ’ म्हणजे आरंभीचे, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. मूळपेशीत दुसरा अर्थ अभिप्रेत आहे आणि संदेशाने पहिला धरला.

मुळाच्या टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशी असतात, एवढे खरे आहे. परंतु त्या वनस्पतीच्या पेशी असून त्यांच्यापासून वनस्पतीच्याच ऊती बनतात, माणसाची कूर्चा, म्हणजे गुडघ्यात झिजते ती हाडांवरची गादी, बनू शकत नाही. शिवाय खाल्लेल्या पेशींतील प्रथिने व डीएनए पोटात आणि आतड्यात पचून त्यांचे सुटे घटक होतात. माणसाच्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, असतात, आणि रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्या माणसाकडून त्या घ्यायच्या तर दात्याचा आणि रुग्णाचा ऊतीप्रकार आधी जुळवून पाहावा लागतो, मगच त्या शिरेवाटे दिल्या जातात.