लाउन्स काउंटीचे कैवारी कसे व्हावे

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा कैवार घ्यायचं मनावर घेतलंत, छान केलंत. अलाबामातली लाउन्स काउंटी निवडा, सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मधली. वस्ती दहा हजारांच्या आसपास, बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि कित्येक घरांचा मैला पीव्हीसी पाइपातून थेट परसात. फोटो झकास येतात. बूट तेवढे जुने घाला.

भाषणाची सुरुवात 'पर्यावरणीय वर्णद्वेष' या शब्दांनी करा, शेवटही त्यांनीच. मध्ये माती येऊ देऊ नका, ती घात करते. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. नाव आधी मातीचं होतं, माणसांना मागाहून लागलं. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीची ही चुलत बहीणच. उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. इथे साधा सेप्टिक टँक बसवून त्यातलं पाणी जमिनीत जिरवायला चर खणले, की मोठ्या पावसात घरचंच घरच्यांना परत मिळतं, तेही बाथटबमधून.

एखादा आगाऊ माणूस पर्कोलेशन टेस्ट करू म्हणेल. म्हणजे खड्डा खणायचा, रात्रभर पाण्यानं भिजवायचा, सकाळी पुन्हा भरायचा आणि पाणी इंचभर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघायचं. तासाच्या आत उतरलं तर साधारणपणे साधे चर पुरतात. इथे जेवून या, डुलकी काढा, पाणी जिथल्या तिथं. मग फूट-दोन फूट वाळूचा उंचवटा, त्यावर खडी, खडीत भोकांचे पाइप, आणि पाणी वर चढवायला पंप. खर्च 15,000 डॉलरच्या खाली क्वचितच. वीज गेली की पंप बंद. कमोडमध्ये वेट वाइप्स टाकले की पंप जाम. टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसली नाही तर गाळ चरात जाऊन वाळू बुजते आणि सगळा उंचवटा नव्यानं करावा लागतो. परिषदेत यातलं काही काढू नका. वाळूचा भाव कुणी विचारलाच, तर त्याला व्यवस्थेचा प्रश्न कळलेला नाही, असं हळहळून म्हणा.

आकडा मात्र एक हवाच. 2017 च्या अभ्यासात इथले 55 जण तपासले, त्यातल्या 19 जणांत हूकवर्म, म्हणजे मैला मिसळलेल्या मातीतून शरीरात शिरणारा आतड्यातला जंत, सापडला. हा बिनधास्त वापरा. पुढे ब्लॅक बेल्टमधल्याच शेकडो मुलांचे नमुने तपासले तेव्हा एकातही तो मिळाला नाही, हे सांगून रंगाचा बेरंग कशाला?

सगळं काम एका शब्दाला टांगण्याचा फायदाही बघून घ्या. केंद्राच्या न्याय खात्यानं 2021 मध्ये नागरी हक्कांखाली इथल्या सांडपाण्याची चौकशी सुरू केली, मे 2023 मध्ये ते सुधारण्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प सरकारनं 'डीईआय' (विविधता, समता, समावेशन) असा शिक्का मारून तो रद्द केला. पंप कुणाच्या दारी बसला, कुणाच्या राहिला, हे विचारायची गरजच उरली नाही.

समोरच्या गोटात, म्हणजे स्वावलंबनाचे कीर्तनकार व्हायचं असेल, तर काम आणखी सोपं. 'यांनी आधी स्वतःच्या पायावर उभं राहावं' एवढंच म्हणा. फक्त हायवे 80 वरून जाताना गाडीच्या काचा वर ठेवा. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून गोऱ्या जमीनमालकांनी हाकललेली कुळं याच रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिली. 1966 मध्ये इथल्याच लोकांनी काळा चित्ता हे चिन्ह घेऊन स्वतःचा पक्ष उभा केला. त्यांना पायांची शिकवणी द्यायची म्हणजे जरा दमच लागतो.

आणि परसातला तो पाइप? तोही कुणा सरकारनं टाकलेला नाही. घरमालकानं दुकानातून आणला, स्वतः जोडला, उतार बघून पुरला. अलाबामाच्या कायद्यात त्याला गुन्हा म्हणतात.