पिक्चर म्यूट, गाणी चालू, आणि चाळिसाव्या मिनिटाला सगळं बोंबललेलं

‘पिक्चर म्यूट करा आणि सिंहाच्या तिसऱ्या डरकाळीला अल्बम लावा.’ म्यूट केलेल्या पिक्चरवर दुसरंच संगीत लावून बघायची जोडी सुचवताना एवढी एक ओळ टाकून मोकळं होणाऱ्या लोकांचा आता खरंच संताप येतो. (सिंह म्हणजे पिक्चरच्या सुरुवातीला दिसणारं एमजीएम कंपनीचं चिन्ह.) १९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ आणि पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही जोडी प्रसंग आणि संगीत जुळतं म्हणून जगभर गाजली, मान्य. पण अल्बम साधारण ४३ मिनिटांचा आणि पिक्चर १०१ मिनिटांचा. अल्बम संपल्यावर काय करायचं? लगेच पुन्हा लावायचा? मध्ये दोन सेकंद गेली की पुढचं सगळं दोन सेकंदांनी सरकलं. आणि तुमची कॉपी सेकंदाला किती फ्रेम्सनी, म्हणजे किती चित्रांनी, चालते? हे तर कोणी लिहीतच नाही, आणि सगळी बोंब तिथेच आहे.

बोलपट चित्रित होतो २४ फ्रेम्सवर. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तोच २५ वर पळवतात, म्हणजे १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत उरकतो. एरवी सूर जरासा चढलेला तयार कानाला जाणवतो, पण आपण आवाज बंद केलेला असतो, त्यामुळे कॉपी पळतेय हे कळायलाच मार्ग राहत नाही. डिजिटल कॉप्यांमध्ये आणखी एक भानगड आहे, २४ ऐवजी सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सची. फरक नगण्य वाटतो ना? १०० मिनिटांत तो ६ सेकंदांचा होतो. पिक्चरखाली तीनतालाचा लेहरा (तबल्यासोबत फिरत राहणारी धून) लावलाय, मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे सोळा मात्रांचं एक आवर्तन ८ सेकंदांचं. सुरुवातीला कटवर बरोब्बर सम, म्हणजे पहिली मात्रा, येत होती. शेवटच्या प्रसंगात त्याच कटला तबला तेराव्या मात्रेवर असतो. मग लोक म्हणतात, ‘छे, या जोडीत काही दम नाही.’ जोडीत दम आहे हो, तुमच्या कॉपीचा वेग वेगळा आहे! कॉपी २५ ची असेल तर लेहरा १२० वरून १२५ वर न्या, बसतो की नाही बघा.

मूकपटांचे हाल तर बघवत नाहीत. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स असतात. सेकंदाला १६ फ्रेम्स चालवल्या की एक फूट म्हणजे एक सेकंद, इतका सरळ हिशेब. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगतात. आज त्यातली थोडीच रिळं उरली आहेत, पण हिशेबापुरतं धरा: १६ च्या वेगाने ६१ मिनिटं ४० सेकंद, २४ च्या वेगाने ४१ मिनिटं ७ सेकंद. वीस मिनिटांचा फरक! तरीही फाइल टाकणारे सर्रास २४ ला टाकून देतात, पडद्यावर राजा-राणी तुरुतुरु धावतात आणि लोक म्हणतात जुने पिक्चर असेच असायचे. नव्हते असायचे! ज्या पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तिथल्या लोकांनी तरी असं म्हणू नये.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.६७ केला की २४ ची फाइल १६ वर येते, ०.७५ ला १८ वर. पण आधी ‘ई’ दाबून एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. दर तीन फ्रेम्समध्ये एक फ्रेम दोनदा येत असेल, तर कुणीतरी आधीच १६ ची २४ करून ठेवलीय. तिचा वेग कमी केलात तर माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतील. हे तपासायला दोन मिनिटं लागत नाहीत.

आता ॲप्सकडे वळू. गाण्याच्या ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपताच पुढचं सुरू करायची सोय) चालू असेल तर प्रत्येक गाण्याच्या सांध्यावर काही सेकंद गिळली जातात. आवाजाची पातळी सारखी करणारी सोय आलापी आणि द्रुत एकाच उंचीवर आणून ठेवते, सगळा चढ-उतार मातीत. यादी संपली की ॲप आपल्या मनाने भलतंच गाणं सुरू करतं. पिक्चरच्या ॲपवर मध्येच जाहिरात. एका ठिकाणी सुरुवातीला कंपन्यांच्या तीन पाट्या, दुसऱ्या ठिकाणी एकच, म्हणजे ‘शून्यापासून सुरू करा’ या सूचनेला काडीचा अर्थ नाही. या सोयी मागितल्या कुणी होत्या? आणि त्या बंद करायची बटणं सेटिंग्जच्या चौथ्या पायरीवर का दडवलेली असतात?

ब्लूटूथ स्पीकर आवाज सेकंदाच्या दशांशापासून पाव सेकंदापर्यंत उशिरा देतो. उशीर कायम असला तर वजा करता येतो, पण वायर लावा ना सरळ. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका टोकाला साडेतीन एमएमची आणि दुसऱ्या टोकाला आरसीएची पिन असलेली वायर स्वस्तात मिळते. आणि संगीतही टीव्हीतूनच वाजवणार असाल तर टीव्ही म्यूट करून कसं चालेल? पिक्चरचा ऑडिओ ट्रॅक प्लेअरमध्येच बंद करायचा असतो.

हमखास बसणारी एकच पद्धत आहे: दोन यंत्रांवर दोन बटणं एकदम दाबायचा खेळ सोडा आणि एकच फाइल बनवा. स्वतःच्या डिस्कवरची कॉपी घ्या, फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स) आणि लांबी बघा. आवाज जोडण्या-कापण्याच्या ऑडॅसिटीमध्ये सगळं संगीत एका सलग पट्टीवर मांडा. कॉपी २५ ची असेल तर टेम्पो ४.१७ टक्के वाढवा. स्पीड नाही, टेम्पो! स्पीड वाढवलात तर तानपुऱ्याची पट्टीही चढते. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये साठवा. एमपीथ्री प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे शांततेचा बारीकसा पॅच लावतो आणि सांध्यावर खटका ऐकू येतो. मग एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आणि नवा ट्रॅक एकत्र करा, डिलेच्या चौकटीत मिलिसेकंद भरा. किती भरायचे ते आधी व्हीएलसीत जे आणि के दाबून ठरवा, एका दाबाला ५० मिलिसेकंद. मध्येच वीज गेली तरी मग चित्र आणि संगीत एकाच जागेवरून सुरू होतं.

संवाद ठेवून फक्त पार्श्वसंगीत बदलायचं असेल, तर ५.१ च्या, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलांत आवाज असलेल्या, कॉपीत मधला चॅनल तेवढा ठेवून बघा, बहुतेक संवाद त्यातच असतात. जुन्या मोनो मराठी पिक्चरांत हे जमणार नाही, तिथे सगळं एकाच ट्रॅकमध्ये आहे. आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर वापरली तरी मूळ व्हायोलिनची भुतं संवादांमागे राहतातच.

तेव्हा पुढची जोडी सुचवणाऱ्याने कॉपीचा फ्रेम रेट, एकूण लांबी तास-मिनिट-सेकंदांत, संगीत कुठल्या फ्रेमला सुरू करायचं आणि चाळिसाव्या मिनिटाला पडताळायला एक ठळक कट, एवढं लिहावं. तेवढं लिहायचा कंटाळा येत असेल तर जोडी टाकूच नका, लोकांच्या रविवार दुपारी वाया जातात.