डाव्या पंखाची सीट

आम्हा पंखकऱ्यांत एखादे मूल जन्मतःच पंख न मिटणारे निघते, त्यांपैकी मी एक. पंख मिटण्याची पाखरांची जी युक्ती, तीच आमची: कोपर वाकले की पंखातली दोन लांब हाडे एकमेकांवरून सरकतात, त्यासरशी मनगटही दुमडते आणि सगळा पंख घडी होऊन पाठीला लागतो. माझ्या डाव्या पंखात ही दोन हाडे गर्भातच एकमेकांना चिकटली. माणसांच्या हातातही असे क्वचित होते, पण त्यांचा तळवा नीट वळत नाही एवढेच. त्यापायी कुणी त्यांच्याकडून दोन सीटचे पैसे घेत नाही. माझा पंख मात्र गेली ४२ वर्षे काडी मोडलेल्या छत्रीसारखा अर्धा उघडा आहे. डॉक्टरांनी या व्यंगाला दीड ओळीचे नाव दिले होते; आमच्या आळीत त्याला ‘मिटंना’ म्हणतात.

‘मग उडत का जात नाही?’ हा प्रश्न साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत मला रोज किमान दोघे विचारतात. पंख वर उचलताना पाखरू तो थोडा आखडून घेते, म्हणजे हवा अडत नाही. माझा डावा आखडत नाही. तो हवेत रुतून बसतो, उजवा इमानाने पुढे जात राहतो आणि मी डावीकडे गोल फिरू लागतो. लहानपणी अजिंक्यताऱ्यावर सराव करताना मंगळाईच्या देवळाभोवती माझ्या अशा सात फेऱ्या झाल्या, तेव्हा आत्याने खालून आकांत मांडला. मी पडेन याची तिला धास्ती नव्हती. देवी डाव्या हाताला ठेवून फिरल्यामुळे सातही प्रदक्षिणा उलट्या पडल्या, हे तिचे दुःख होते. आता उजवीकडे वळून त्या फेडून टाक, असेही तिने बजावले. उजवीकडे वळता आले असते तर मी घरीच नसतो का गेलो?

दाखल्याची खटपटही करून झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेले आहेत, त्यांत पंख नाही. अर्ज घेणाऱ्या बाईंनी माझे हात पाहिले, पाय पाहिले, चारही शाबूत असल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि पंख हा जादा अवयव असल्याचे सांगितले. जे मुळातच जादा, त्यात उणे कसे काय निघेल, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

राहता राहिले वडाप. आत्या आता चाळकेवाडीकडे राहते. गेल्या श्रावणात तिच्यासाठी अर्धा किलो कंदी पेढे घेऊन मी जीपपाशी उभा राहिलो, तेव्हा आत अकरा माणसे बसलेली होती आणि ड्रायव्हरच्या मते गाडी रिकामी होती.

“पाव्हणं, दोन सीटचं पैसं पडत्याल,” माझ्याकडे न पाहता, पंखाकडे पाहत तो म्हणाला. “डाव्या खिडकीला काच न्हाय, तुमचं नशीब. त्यो भायेर काढा.”

मी पंख बाहेर काढला. सज्जनगडाचा फाटा मागे पडेपर्यंत सगळे ठीक होते. बोरणे घाटात वारा लागला मात्र, आणि जीप डाव्या अंगाला ओढू लागली. ड्रायव्हर स्टिअरिंगशी झटत चाकांना, मेकॅनिकला आणि मेकॅनिकच्या घराण्याला शिव्या देत होता. खरे कारण गाडीतल्या सगळ्यांत फक्त मला माहीत होते, आणि दोन सीटचे पैसे मोजलेल्या माणसाने ते सांगावे, असे मला वाटले नाही.

शेवटी पाऊसच आला. सुरुवातीला टपोरे थेंब, मग आडवी झड. शेजारच्या म्हातारीने एकदा उघड्या खिडकीकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पदर खोचून पंखाचे टोक धरून सरळ आत ओढले. पंख खिडकीच्या चौकटीत असा बसला, की जणू माप घेऊन केला होता. पिसांना अंगचेच तेल असते, पाणी त्यांवरून ओघळून जाते. त्यामुळे आत एक थेंब आला नाही आणि जीपही सरळ चालू लागली. म्हातारी पिसांना टेकून घोरू लागली. मागच्या बाकावरून मात्र, खालच्या फटीतून वारा येतोय, जरा खाली घ्या की, अशी तक्रार आली.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दिसू लागल्या. वारा अनावर झाला की त्यांतल्या बऱ्याचशा आपली पाती कडेला वळवून गप्प उभ्या राहतात. लोखंडी खांबाला जे जमते, ते मला जमत नाही, याचे वैषम्य मला दर फेरीला वाटते.

उतरताना ड्रायव्हरने एका सीटचे पैसे परत केले. मी भारावून आभार मानू लागलो, तर तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ओ. माघारी कवा निघणार? उद्या सातला गाडी हाय. काच काय म्या एवढ्यात बसवत न्हाय.”