पाच तारखेचा हप्ता, सात तारखेचा पगार

आज डबा खाताना ऑफिसात एकजण बोलून गेले, "ही पोरं एज्युकेशन लोन काढतात तीच बुडवायला." मी डबा बंद केला आणि उठले. तिथे तोंड उघडलं असतं तर आवाज चढला असता, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या भाचीचा हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि पगार होतो ७ ला. तारीख बदलून मागितली, बँकेने ऐकलं नाही. दर महिन्याच्या ४ तारखेला तिचा मेसेज येतो, "मावशी, दोन दिवसांसाठी ३ हजार?" ७ ला दिवेलागणीच्या आत ते माझ्या खात्यात परत. एकदाही चुकली नाही पोरगी. ही बुडवणारी?

२०१८ ला इंजिनिअरिंग, खासगी कॉलेज. वर्षाला दीड लाख असे ६ लाख, साडेदहा टक्क्यांनी. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, हे सगळे सांगतात. व्याज पहिल्या उचलीपासून चढत असतं, हे कोण सांगतं? पहिला हप्ता भरायची वेळ आली तोवर ६ लाखांचे ८ लाख २० हजार झाले होते. आता १० वर्षं, महिना ११ हजार. ६ लाखांपायी १३ लाखांच्या वर! पगार हातात २४ हजार, त्यात पुण्यात कॉट बेसिस, मेस, बसचा पास.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकतानाचं व्याज सरकार भरतं. दाजींचं वीसेक हजारांनी जास्त निघालं. आयकरात शिक्षणाच्या कर्जाच्या व्याजावर सवलत आहे, पण २४ हजारांवर करच लागत नाही, तर सवलत कशातून घेणार? २०२४ पासून आपल्याकडे ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली. चांगलंच झालं, मनापासून सांगते. पण जी आधी शिकून बाहेर पडली, तिचं काय?

मुद्दाम बुडवणारे असतात. असतील, मान्य.

पण मला आठवतो तो पहिला बाउन्स झालेला हप्ता. दाजी सहकर्जदार, म्हणून वसुलीवाल्याचा फोन त्यांना, रात्री ९ वाजता. संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तरी केला. घरात पाहुणे बसलेले. आयुष्यात कुणाच्या दारात उधारी न ठेवलेला माणूस, दोन दिवस जेवला नाही नीट. ताई मला म्हणाली, "शिकवलं ते चुकलं का गं आमचं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतरच भाचीने माझ्याकडे मागायला सुरुवात केली. आधी मागितले असतेस तर, असं म्हटलं तिला. खाली बघत बसली.

किमान शिकत असतानाचं व्याज तरी लावू नका. कमावायला लागलेलं नाही त्या लेकराकडून व्याज कसलं घेता?

आज ४ तारीख. तिचा मेसेज अजून आला नाहीये. मी पैसे पाठवून दिलेत.